डोक्यावरचा तळ

कुठल्याही घरात शिरलो की मी आधी वर बघतो. घरधनी हात पुढे करतो, या बसा म्हणतो, आणि माझी मान आपली आढ्याला. बायको अजून टोमणा मारते, की मला बघायला आलात तेव्हाही आधी आमचं छप्पर बघितलंत आणि मग मला. खोटं नाही ते. त्यांच्या पडवीतला एक वासा किडलेला होता आणि माझी नजर काही त्यावरून हलेना. रियाधमध्ये एकवीस वर्षं मी सीलिंगचंच काम केलं आहे. जिप्समचे बोर्ड, पत्र्याचे सांगाडे, चौकोनी टाइल्स, दिवाणखान्यांची पांढरी नक्षी. या शहरात किती लोकांच्या डोक्यावर माझं काम आहे कुणास ठाऊक. त्यांच्यापैकी कुणी कधी मुद्दाम वर बघितलं असेल असं वाटत नाही. पडल्याशिवाय छताकडे कुणी लक्ष देत नाही.

मेट्रोचं काम चालू होतं त्या वर्षांत शहराच्या कडेला एका वसाहतीत युरोपातले इंजिनियर बायकामुलांसह राहायचे. तिथल्या घरांची दुरुस्ती आमच्याकडे होती. एकदा एका स्पॅनिश बाईंचा निरोप आला, प्लाफोन पडलाय. आदल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या फ्रेंच इंजिनियरच्या घरी मी ‘प्लाफों’ दुरुस्त केलं होतं, आणि ते म्हणजे खोलीचं अख्खं छत होतं. म्हणून मी चार माणसं, बारा बोर्ड आणि चाकांची परांची घेऊन पोचलो. छत जागच्या जागी. स्वयंपाकघरातला, छताला चिकटून बसणारा गोल दिवा तेवढा खाली आला होता. त्यांच्याकडे प्लाफोन म्हणजे तो दिवा. माझी माणसं हसून हसून बेजार झाली. मी मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो शब्द लिहून ठेवला.

मग मला नादच लागला. ज्या घरात जाईन तिथे वर बोट दाखवायचं आणि विचारायचं, याला तुम्ही काय म्हणता, आणि प्लाफों म्हणजे काय? डच माणूस फ्रेंचासारखंच प्लाफों म्हणाला, जणू तो शब्द त्याच्याच आजोबांचा. ऑस्ट्रियाचा एक जण प्लाफों म्हणाला आणि त्याचा जर्मन शेजारी ‘डेके’ म्हणाला. पुढे त्यानंच सांगितलं की पांघरायच्या रजईलाही ते डेकेच म्हणतात. पोलिश बाईंच्या मनात आधी चर्चच्या घुमटाखालची रंगवलेली चित्रं आली आणि मग छताचा दिवा. रशियन बाई म्हणाल्या, प्लाफोन म्हणजे बल्बवरची काचेची वाटी. आणि इटालियन माणसानं मान हलवली. त्यांच्याकडे दिव्याला प्लाफोनिएरा म्हणतात, आणि नुसता प्लाफों म्हणजे मर्यादा, याच्या वर जाता येत नाही अशी रेघ. एक शब्द फ्रान्समधून निघाला आणि जिथे उतरला तिथे त्यानं वेगळाच धंदा धरला. आखातात आलेल्या आमच्या माणसांचंही तेच होतं, त्यामुळे मला त्या शब्दाबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

म्हाताऱ्या फ्रेंच इंजिनियरनं मला त्याचं मूळ सांगितलं. प्ला म्हणजे सपाट, फों म्हणजे तळ. मी म्हटलं, तळ तर खाली असतो, हा वर कसा? तो खांदे उडवून हसला आणि म्हणाला, वरच्या मजल्याचा तळ, मित्रा. मग त्यानं विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी अडखळलो. छत म्हटलं तर आतलंही आणि बाहेरचंही. आमच्या कौलारू घरांत आतून झाकायला काही नसायचंच. वासे, रिपा, कौलं, आणि मधल्या फटीतून उतरणारं ऊन. पण कुणा खोताच्या घरी फळ्यांचं छत असायचं, त्याला जुनी माणसं तक्तपोशी म्हणायची. तक्त म्हणजे फळी, पोशी म्हणजे झाकण. हा शब्दही फारसीतून चालत आमच्या किनाऱ्यावर आलेला. फ्रेंच म्हातारा खूश झाला आणि त्यानं तो शब्द माझ्याकडून चारदा म्हणवून घेतला.

त्या तक्तपोशीचं वेड मी सुटीत घरी नेलं. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, खाडीकाठचं. अम्माच्या खोलीत कौलांतून धूळ आणि पाल दोन्ही पडायच्या. लोक म्हणाले, परदेशात सीलिंग करतोस तर जिप्सम लाव. कोकणातल्या दमट हवेत जिप्सम म्हणजे पाण्यात पापड. मी फणसाचं जुनं लाकूड मिळवलं, फळ्या कापून घेतल्या आणि पंधरा दिवस खपून तिच्या खोलीला फळ्यांचं छत केलं. घाईत एक चूक झाली. पंख्याच्या हुकाशेजारची एक फळी तिरकी बसली, तिच्यातली मोठी काळी गाठ सगळ्या रांगेतून बाहेर आल्यासारखी दिसायची. मला ती खुपायची. काढून परत लावतो म्हटलं तर अम्मा म्हणाली, “असू दे रं. तेवडीच वलख ऱ्हाते.”

सात फळ्या उरल्या. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकतो, वाळवी लागेल. अम्मानं त्या मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवायला लावल्या.

“ठेव. लागतील कवातरी.”

पुढच्या प्रत्येक सुटीत आमचं यावरून वाजायचं. पडवी अडते, विंचू होतात, देऊन टाक. ती ऐकायची नाही. पावसाळ्याआधी स्वतः फडकं घेऊन त्या फळ्यांना काजूबियांचं तेल लावायची, एकेक उलटीसुलटी करून. मी चिडून म्हणायचो, अम्मा, या फळ्यांचं काय लोणचं घालणार आहेस? ती हसायची आणि तेल लावत राहायची.

आता पडण्याची गोष्ट. आमच्या धंद्यात एक घाणेरडी सवय आहे. परांचीला चाकं असतात. एका जागचं काम झालं की माणसानं खाली उतरायचं, परांची सरकवायची आणि परत चढायचं. तेवढं कोण करतो? वरचा माणूस वरच उभा राहतो आणि खालच्यांना म्हणतो, यल्ला, ढकला. मी फोरमन झाल्यापासून यावरून किती जणांना शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. त्या दिवशी शेवटची एक टाइल राहिली होती आणि खाली उतरायचा मला कंटाळा आला. मीच म्हणालो, यल्ला. चाक एका वायरीवर अडखळलं, परांची कलली आणि मी आलो खाली. दोष कुणाचा नाही, माझाच. कमरेवरचा एक मणका चिरला होता, मज्जारज्जू वाचला होता. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. सहा आठवडे पाठीवर, सपाट.

हॉस्पिटलमध्ये माझ्या डोक्यावर दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या टाइल्स होत्या, बारीक भोकांच्या. आडव्या सहा ओळी, उभ्या आठ. खिडकीकडून तिसरी टाइल उलट्या दिशेनं बसवलेली होती आणि पहिले दोन दिवस मला पाठीपेक्षा तिचाच त्रास जास्त झाला. आमच्या वॉर्डची सिस्टर सांगलीकडची होती. मी तिला म्हटलं, एक शिडी मिळाली तर दोन मिनिटांत सरळ करतो. ती म्हणाली, “दादा, मान जरी हलवलीत ना, तर हात बांधून ठेवीन.”

गोळ्यांनी दुखणं दूर जायचं, पण पूर्ण जायचं नाही. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं ते ऐकू येत राहायचं. त्या गुंगीत भोकं हलायची. कधी ती खाडीवरच्या भरतीच्या ओळी व्हायची, कधी वाळत घातलेल्या सुकटीचं अंगण. आमच्याकडे आळशी माणसाला आढ्याचे वासे मोजतो म्हणतात. मी अख्खी दुपार मोजायचो आणि मोजता मोजता वहीतल्या त्या पानावर जायचो. पोलिश बाईंचं चित्र भोकांमध्ये उगवायचं. जर्मन माणसाची रजई माझ्या अंगावर उतरायची. संध्याकाळी दिवा लागला की रशियन काचेची वाटी डोक्यावर भरून यायची. आणि मग इटालियन माणूस यायचा आणि हळूच म्हणायचा, याच्या वर नाही. एका शब्दाच्या खाली मी निजलो होतो, आणि तो आपले कपडे बदलत होता. इतकं शांत मला या देशात कधी वाटलं नव्हतं, हे सांगताना आज लाज वाटते.

अम्माला काही सांगितलं नव्हतं. आमच्या खाडीकाठी हा रिवाजच आहे. परदेशातल्यानं आपलं दुखणं घरी कळवायचं नाही आणि घरच्यांनी आपलं दुखणं परदेशात कळवायचं नाही. काळजी करून करणार काय, हे दोन्हीकडचं उत्तर. बायकोला मी सगळं सांगितलं होतं आणि अम्माला कळू देऊ नकोस म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायचो. चेहऱ्यासमोर फोन धरला की उशी दिसायची आणि हात दुखायचे, म्हणून फोन छातीवर ठेवून बोलायचो. ड्यूटीवरून येऊन खोलीत पडलोय, असं सांगायचो. तिच्या बाजूनं बायको फोन इतका जवळ धरायची की मला नुसतं अम्माचं कपाळ आणि ओढणीची कड दिसायची. अम्माच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं कपाळच दिसत आलेलं, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर, बोलता बोलता बायको “आले हां” म्हणून उठली आणि फोन गादीवर उताणा ठेवून गेली. अम्माचा आवाज येत होता, पण चित्रात ती नव्हती. चित्रात छत होतं.

पांढऱ्या चौकोनी टाइल्स. दोन बाय दोन. एका टाइलला पाण्याचा डाग.

मी ते छत असं बघत राहिलो जसं कुणी आरशात स्वतःचं तोंड बघावं. पंखा नव्हता. तिरकी फळी नव्हती, काळी गाठ नव्हती. अम्मा शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल काहीतरी सांगत होती, अगदी घरी बसून सांगावं तसं. मी हूं हूं म्हणत होतो. आमच्या गावात कुणाच्या घरी असलं छत नाही. असलं छत कुठे लावतात ते मला कुणी शिकवायला नको, मीच किती हॉस्पिटलांमध्ये लावलं आहे.

फोन ठेवल्यावर मी बायकोला परत लावला. ती आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. अम्माच्या छातीत पाणी झालं होतं, हृदय दमलं होतं, बारा दिवसांपासून ती चिपळूणच्या दवाखान्यात होती. “तुमी तिला सांगू नको म्हनता, ती तुमाला सांगू नको म्हनते,” बायको म्हणाली. “मी कोनाकोनाला सांबालू?” मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं मला.

त्या दिवशी दुपारी मी उठायचा प्रयत्न केला. विमान चार तासांचं आणि मुंबईहून गावाला गाडीनं दिवसभर, एवढंच बसायचं होतं. मी पलंगाची कड धरली आणि स्वतःला ओढलं. सगळं पांढरं झालं. भानावर आलो तेव्हा सिस्टर माझे खांदे दाबून उभी होती. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई त्या दिवशी नुसती माझ्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तीन. अजून तीन आठवडे. मी वर बघितलं. इटालियन माणसाची रेघ तिथे होतीच.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, नाटक पुरे. कॉल लावला आणि म्हटलं, अम्मा, तू दवाखान्यात आहेस. ती म्हणाली, “आनि तू?”

मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे म्हणाली,

“तुज्या खोलीला सीलिंग कवा लावलास रं? दुनियेची छतं करतोस, आनि तुज्या खोलीत वरती पोपडे आनि तो गंजका पायप. दहा वर्सा बगतेय मी. पयल्याच दिसी मी म्हनला, हा माजा पोरगा खय पडलाय.”

मी हसायला लागलो आणि हसताना पाठीतून कळ आली, आणि मग मी रडलो. पलीकडे तीही. बायको म्हणते, फोन मधे धरून ती तेवढी कोरडी उभी होती, कारण तिचं रडून झालं होतं.

त्यानंतरचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस आहेत. वेडेपणा वाटेल, पण तसंच आहे. ती तिच्या टाइल्सखाली, मी माझ्या. फोन उशीशी ठेवायचे, एकमेकांची छतं समोर, आणि तासन्‌तास बोलायचं किंवा नाही बोलायचं. एकवीस वर्षांत आम्ही इतका वेळ कधी एका ठिकाणी पडून राहिलो नव्हतो. मी तिला प्लाफोंची गोष्ट सांगितली. ‘पलाफो’, ती म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. जर्मनांची रजई तिला पटली. “बराबर हाय. वरती छत असला की मानूस पांगरून झोपतो.” दिव्याचंही पटलं. मर्यादेचं मात्र तिला पटलं नाही. म्हणाली, “वरती अल्ला हाय. रेग कसली?” कधी मला गुंगी यायची आणि डोळे उघडले की तिचा श्वास ऐकू यायचा, जरा घरघरणारा. पाण्याचा तो डाग मला पाठ झाला होता.

दहाव्या दिवशी कॉल लागला आणि चित्रात फणसाच्या फळ्या होत्या. पंखा फिरत होता. तिरकी फळी, काळी गाठ. मी इतका ओरडलो की सिस्टर धावत आली. “घरी सोडलं! अम्मा घरी आली!” मी तिला फोन दाखवला. तिनं छत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “छान आहे हो दादा. तुम्ही केलंत?” हॉस्पिटलात पंधरा वर्षं काढलेल्या त्या बाईला तेव्हाच समजलं असणार. मला नाही समजलं. मी छत ओळखलं आणि तेवढ्यावर खूश झालो. नंतर कळलं, दवाखान्यानं हात टेकले होते आणि अम्माच म्हणाली होती, मना घरी न्या, मना माज्या फल्या बगायच्यात.

चार दिवसांनी, दुपारी जोहरच्या नमाजानंतर, ती गेली. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन झालं. आमच्यात थांबत नाहीत, थांबूही नये. चुलतभावानं विचारलं, फोनवर दाखवू का? मी नको म्हटलं. त्या दुपारी मी टाइल्स बघत होतो आणि त्यात काहीही दिसत नव्हतं. ना चित्र, ना रजई, ना दिवा. नुसत्या टाइल्स.

ती गेल्यानंतर बाविसाव्या दिवशी कमरेला पट्टा आवळून मी गावी पोचलो. दारातून आत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वर बघितलं नाही. तिच्या खोलीत जायची हिंमत होईना, म्हणून मागच्या पडवीत गेलो. भिंत मोकळी होती. खाली तेलाचे डाग तेवढे होते, सात.

चुलतभाऊ मागून आला. आमच्याकडे मय्यत कबरीत ठेवली की वर फळ्या लावतात, मग माती. मुलगा असेल तर मुलगाच उतरतो आणि मुलगाच फळ्या लावतो. ते काम मी केलं नव्हतं. हजार लोकांची छतं केली आणि हे एक राहिलं, हेच दिवसरात्र मला खात होतं. मी त्याला विचारलं, फळ्या कुठून आणल्या, नीट बसल्या का, फटी नाही ना राहिल्या. त्याला वाटलं मी हिशेब विचारतोय. तो म्हणाला, “आनायला खय लागल्या? चाचीनं सांगूनच ठेवलं व्हतं. म्हनाली, पोराला येता नाय आला तरी काम त्याच्याच हातचा असू दे.”

मी त्याला विचारलं, किती लागल्या.

“सातच व्हत्या,” तो म्हणाला. “सातही लागल्या.”